अमली डोलीची माती

भिलाईला जाऊन आलो असे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, भट्टी पाहिली का? आणि दुसरा, रशियन लोक पाहिले का? भट्टी मी पाहिली, पण ती अजून पेटायची होती. रशियनही पाहिले. एक जोडपे दुर्गच्या बाजारात पेरू निवडत होते, आणि बाई प्रत्येक पेरू नाकाशी नेऊन हुंगत होत्या, अगदी आमच्या आईसारख्या. पण मी गेलो होतो माती आणायला. हे ऐकले की विचारणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. "नागपुरात माती मिळत नाही का?" असे एकाने विचारलेसुद्धा. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पवनीला मॅट्रिक झालो, तेव्हा वडील धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, चिखलणीला जात होते आणि पेढे वाटायचे की नाही यावर आईशी त्यांचा वाद झाला होता, कारण मॅट्रिकच्या पुढे काय असते हे दोघांनाही ठाऊक नव्हते. पुढे नागपूरला शेतकी कॉलेजात गेलो, पदवी मिळाली, आणि मातीच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून ठेवून घेतले ते आमच्या सरांनी. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

सरांचे काम मातीतल्या कर्बावर आणि नत्रावर चालते. सोपे करून सांगायचे तर, पालापाचोळा, मुळे, शेण हे कुजून त्याचा जो अंश मातीत मुरून राहतो तो कर्ब. आणि पिकाला हिरवेपणा देतो तो नत्र. आमच्या भंडाऱ्याकडे धान उभे असतानाच, शेवटच्या ओलीवर, त्यात लाखोरी हे कडधान्य फेकून पेरतात. धान कापले की खाली लाखोरी वाढलेली दिसते. छत्तीसगडात हीच रीत आहे. तिथे या पेरणीला उतेरा म्हणतात आणि लाखोरीला तिवरा. या झाडाच्या मुळांना गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र मातीत आणतात. सरांना पाहायचे होते, की ज्या बांधीत पिढ्यान्‌पिढ्या उतेरा चुकला नाही तिची माती, आणि जिथे तो कधी झालाच नाही तिथली माती, यांत फरक किती?

अशी एक बांधी भिलाईजवळ अहिवाऱ्याच्या वाटेवर असल्याचे त्यांना कळले होते. पण ती जमीन भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामात गेली होती. चुनखडी आणणाऱ्या रेल्वेलाइनचा भराव घालायला तिथली माती खणली जाणार होती.

"नामदेव," सर म्हणाले, "ते शेत आता फार दिवसांचे नाही. एकदा गेले की जगात दुसरीकडे कुठे ते मिळणार नाही. तू जा."

आजवर मी सरांच्या मागे पिशव्या धरून चाललो होतो. एकटा असा पहिल्यांदाच निघालो.

दुर्ग आणि बोरसी

संक्रांतीला पाच दिवस होते. सामानात एक ट्रंक, कापडी पिशव्यांचे गाठोडे आणि माती काढायचा गिरमिट. हा गिरमिट म्हणजे छातीएवढी लोखंडी दांडी, खाली पिळदार पाते, वर आडवी मूठ. दुर्ग स्टेशनवर एका शिपायाने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"क्या है ये?"

"माती काढायचं यंत्र," मी माझ्या शाळेतल्या हिंदीत सांगितले.

त्याने माझ्याकडे, मग गिरमिटाकडे पाहिले. म्हणाला, "भिलाईत सगळे मातीच काढतायत. पण त्यांची यंत्रं हत्तीएवढी आहेत. हे तुम्हाला लहान पडेल."

भाऊजी फाटकापाशी सायकल धरून उभे होते. भाऊजी म्हणजे दौलतराव, आमच्या गल्लीतल्या वच्छलाबाईचे यजमान. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, आणि वच्छलाबाई माझी सख्खी नसली तरी मला कडेवर घेऊन वाढवलेली बाईच. भाऊजी साकोलीकडचे, शेतकऱ्याघरचे. वाट्याला आलेली जमीन तिघा भावांना पुरेना, म्हणून कारखान्याचे काम निघताच ते इकडे आले आणि रिगरच्या गॅंगमध्ये लागले. दोर आणि कप्प्या लावून लोखंडाच्या मोठमोठ्या तुळया वर चढवायच्या, हे त्यांचे काम. क्वार्टर अजून मिळाले नव्हते. बोरसीत मातीच्या दोन खोल्या आणि पुढे अंगण, असे भाड्याने राहत होते.

"या, माती-डाक्टर!" त्यांनी माझी ट्रंक कॅरिअरला बांधली. "इंजेक्शनची सुई तर मोठीच आणली जी."

बाईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला जेवायला बसवले. भात, लाखोरीचे वरण, लाखोरीच्याच डाळीचे वडे, मिरचीचा ठेचा. मी ज्या पिकासाठी इतक्या दूर आलो ते ताटात दोनदा वाढले होते हे सांगितल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली.

"एवढं शिकला अन्‌ लाखोरीसाठी आला? मले सांगतं, तं पायलीभर पाठवून देतो ना नागपूरले."

तिच्या मनात मात्र त्या दिवसांत एकच गोष्ट होती. संक्रांतीला ती हळदीकुंकू करणार होती, या नव्या गावातले पहिलेच. "शेजारी पंजाबीण आहे, पलीकडे मद्राशीण, मागे दोन बंगालिणी. कोणी कोणाची भाषा बोलत नाही. बोलावलं तं आहे सगळ्यांले." मग अंगणाकडे पाहून ती म्हणाली, "पण अंगण पाहिलं का कसं उकरलं? सारवाले माती नाही भेटत इथं. जिथं पाहा तिथं मुरूम. शेणात मुरूम कालवून सारवू का आता?"

"होईल ना काहीतरी, बाई," मी वडा तोंडात घालत म्हणालो.

त्या वाक्याची पुढे आठवण ठेवावी.

अहिवाऱ्याची वाट

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी सायकल मला दिली आणि स्वतः ट्रकमधून ड्यूटीवर गेले. कारखान्याच्या कडेने जाताना मी तीनदा उतरलो. इतके लोखंड उभे आणि आडवे मी कधी पाहिले नव्हते. लाल धुरळ्यात माणसे मुंगीएवढी दिसत होती, आणि त्यांतला कोणता ठिपका भाऊजी असतील, असा विचार करत मी उगाच हात हलवला. मग इमारती संपल्या, आणि कापलेल्या धानाचे सड उभे असलेल्या मोकळ्या बांध्या लागल्या. आमच्या गावासारख्याच, फक्त बांधीला इथे डोली म्हणतात, आणि मातीला आमच्यापेक्षा जास्त नावे आहेत. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा, आणि लाल खडकाळ, जिच्यावर बाभळीशिवाय काही येत नाही, ती भाटा.

शेताचा मालक बिसाहू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझी वाट पाहत बसला होता. सरांनी त्याला आधीच निरोप पाठवला होता. साठीचा, वाळका, कानात पितळी बाळ्या. छत्तीसगडी बोलायचा, पण माझ्या पूर्व विदर्भाच्या कानांना ती फारशी परकी वाटली नाही. काठावर एक चिंच होती, तिकडे चिंचेला अमली म्हणतात, म्हणून शेताचे नाव अमली डोली. धान कापून झाले होते आणि सडांमधून तिवरा गुडघ्याच्या खालपर्यंत आला होता, बारीक निळ्या फुलांनी भरलेला.

मी गिरमिट लावला. वरचा थर, मधला थर, खालचा थर, अशा तीन खोलींवर, शेतात नागमोडी फिरत, पंधरा ठिकाणी. बिसाहू प्रत्येक वेळी बाहेर आलेली माती चिमटीत धरून चोळी, हुंगी आणि मगच पिशवीत टाकू देई. एकदा त्याने थोडी जिभेवरही ठेवली. मी पाहतो आहे हे पाहून म्हणाला, "तुमच्याकडे काचेची नळी असते. आमच्याकडे ही."

नंतर त्याने मला आपला घुरवा दाखवला. घुरवा म्हणजे शेणखताचा खड्डा, आपला उकिरडा. गोठ्यातले शेण, चुलीची राख, झाडलोट, सगळे त्यात, आणि उन्हाळ्यात गाडीने अमली डोलीत. बापाच्या वेळेपासून एक वर्ष चुकले नाही. दिवाळीला, ज्या दिवसाला ते सुरहुत्ती म्हणतात, पहिल्या दिव्यांतला एक या घुरव्यावर ठेवतात.

आमची आईही दिवाळीत उकिरड्यावर कणकेचा दिवा ठेवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सुटीत घरी गेलो असताना मी हसलो होतो. घाणीवर कसला दिवा, असे म्हणालोही होतो. तिने वात सरळ केली आणि ती गेली. त्यानंतर तीन वर्षे मी शेणखतातला नत्र मोजण्यात घालवली, पण ते हसणे मागे घ्यायचे राहूनच गेले.

पिशव्या बांधताना बिसाहूने विचारले, "बाबू, मला बदल्यात भाटा जमीन मिळाली आहे. लाल मुरूम. तिची अशी माती व्हायला कतका बछर लागही?"

किती वर्षे लागतील? हे आमच्या पुस्तकात नव्हते.

"ही माती तपासली की सांगतो," मी म्हणालो. "वरच्या थरात किती आहे आणि खाली किती, ते कळलं की तुमच्या घराण्याने त्यात किती घातलं याचा अंदाज येईल."

"सांगाल ना? नक्की?" त्याने पिशवीवर हात ठेवला. "खणणारे आठवड्यात येतील म्हणतात. मग माझ्याजवळ विचारायला शेतही राहणार नाही."

मी शब्द दिला.

बोरसीचे अंगण

माती ओली ठेवली तर आतल्या जिवाणूंमुळे नत्राचे रूप बदलते, म्हणून ती लगेच सावलीत पसरून वाळवावी लागते. बाईच्या ओसरीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरून मी तीन थर तीन ढिगांत पसरले. दीड दिवसात ते वाळले. मग लाकडी मोगरीने ढेकळे फोडली, मुळे आणि खडे वेचले, बारीक चाळणीने चाळले. बाई दळताना दारातून पाहत होती. "केवढी मऊ केली रे," एवढेच म्हणाली.

पिशव्या धुतल्या होत्या आणि त्या अजून दमट होत्या. म्हणून तीन ढीग कागदावरच ठेवून, प्रत्येकाखाली चिठ्ठी सरकवून, मी भोगीच्या सकाळी कुम्हारीकडे गेलो, उतेरा न झालेल्या शेताची माती आणायला. निघताना मी कोणालाही काहीही सांगितले नाही. ही चूक माझी, आणि ती इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

संध्याकाळी परत आलो, तर फाटकातच बाईचा आवाज आला, "पाय नको ठेवू, पाय नको ठेवू! ओलं आहे अजून!"

अंगण आरशासारखे गुळगुळीत झाले होते. कडेने छुईच्या पांढऱ्या मातीची रेघ, मधोमध रांगोळीची जागा सोडलेली. बाई कोपरापर्यंत शेणाने माखलेली, आणि चेहरा असा उजळलेला की मी लहानपणापासून तिला तसे पाहिले नव्हते.

"कसं दिसून राहिलं?"

"छान," मी म्हणालो. आणि मग ओसरीकडे पाहिले. कागद घडी करून ठेवले होते.

"बाई, माती कुठं गेली?"

"कोणती?" ती हसली. "तू चाळून ठेवली ती? अरे, लावली ना! थोडी काळसर होती, पण शेणात अशी मिळाली, अशी मिळाली. मी म्हटलं, पाहा, पोरगं बोललं नाही काही, अन्‌ दोन दिवस बसून माझ्यासाठी माती चाळून गेलं. मद्राशिणीले पण सांगितलं, माह्या भावानं नागपूरवरून येऊन केलं म्हणून."

मी पायरीवर बसलो.

"तुह्या चिठ्ठ्या नाही फेकल्या, हं," ती पुढे म्हणाली. "देवाजवळ ठेवल्या. काही महत्त्वाचं असंल म्हटलं."

मी तिला काय सांगितले ते नीट आठवत नाही. पण ओरडलो नाही, एवढे नक्की. तिचा चेहरा विझत गेला तो मात्र आठवतो. ती आत गेली आणि हात धुवायचेही विसरली.

सकाळी उठलो तर ती खुरपे घेऊन अंगणाचा एक कोपरा खरवडत होती, आणि भाऊजी चहाचा कप घेऊन बाजूला उकिडवे बसले होते.

"बाई, हे काय करतेस?"

"काढून देतो तुले. पुन्हा चाळ."

"अगं, त्यात शेण मिसळलं. शेणात स्वतःचा नत्र असतो, कर्ब असतो. ती आता त्या शेताची माती राहिली नाही."

"म्हणजे आता तपासलं तं आमच्या शेजारच्या म्हशीचं नाव निघंल," भाऊजी म्हणाले.

"तुमाले कावून हसू येते जी?" बाईने खुरपे आपटले. "लेकराची नोकरी जाईन ना!"

नोकरी जाईल की नाही हे मला ठाऊक नव्हते. मला सरांचा चेहरा दिसत होता आणि पिशवीवर ठेवलेला बिसाहूचा हात. मी खुरपे काढून घेतले. "आठवड्याची मुदत आहे, बाई. मी आत्ता जातो आणि पुन्हा काढून आणतो. तू रांगोळी काढ. अंगण खरवडलंस तर मी जेवणार नाही."

मटाम

चिंच दुरूनच दिसली, पण तिच्या खालची हिरवळ दिसेना. जवळ गेलो तेव्हा कळले. अमली डोली नव्हती. तिच्या जागी कंबरभर खोल खड्डा होता. ओळीने बाया डोक्यावर टोपल्या घेऊन भरावाकडे चालल्या होत्या. मी गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी काम सुरू झाले होते.

बिसाहू चिंचेखाली बसला होता. मला पाहून उठला. मी सायकल आडवी टाकली आणि त्याला सगळे सांगितले, ओसरी, चाळणी, शेण, संक्रांत. तो ऐकत राहिला, आणि एकाएकी हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला, मग डोळे पुसले.

"भरावाच्या पोटात गेली असती," तो म्हणाला. "अंगणात गेली. बरं झालं."

"पण तुमच्या प्रश्नाचं काय?"

त्याने खड्ड्याकडे बोट केले.

मी घाईत आलो होतो, म्हणून नीट पाहिले नव्हते. खणलेल्या जागेत ठिकठिकाणी मातीचे सुळके उभे होते. माणसाच्या कमरेएवढे, वर निमुळते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मूळ शेताचा टोपीएवढा तुकडा, धानाच्या सडांसकट. एका सुळक्यावर तिवऱ्याचे झाड तसेच होते, आणि त्याला निळे फूल.

मी खड्ड्यात उडी मारून त्याच्याकडे हात नेला, तोच मागून आवाज आला, "झन छूबे बाबू! ए मटाम आय!"

टोपलीवाल्या बायांची मुकादम रमौतीन कमरेवर हात देऊन उभी होती. हात लावायचा नाही, हे मटाम आहे. मग तिने मला, म्हणजे शेतकी पदवीधराला, लहान मुलाला सांगावे तसे समजावले. जमीन आधी किती उंच होती हे खणल्यावर कसे कळणार? म्हणून हे खांब सोडायचे. ओव्हरसियर येतो, माथ्यापासून पायापर्यंत टेप लावतो, त्यावरून गॅंगची मजुरी ठरते. काही लबाड लोक माथ्यावर आणखी माती ठेवून खांब उंच करतात, म्हणून तो माथ्यावरचे गवत ओढून पाहतो, मुळे धरून आहेत ना. सड हलले की आमच्यावर संशय.

"आणि मोजल्यावर?" मी विचारले.

"मोजल्यावर पाडायचे. माती ट्रकात."

ओव्हरसियर कधी येतो? आज येईल. नाहीतर उद्या. परवाही येईल.

आम्ही चिंचेखाली बसलो. दुपार झाली. बायांनी बासी सोडली, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. सोबत कांदा आणि तिवऱ्याची भाजी. रमौतीनने मला पानावर वाढले. मी बाईने बांधून दिलेले तिळगूळ काढले. बोरसीत आता बाया जमू लागल्या असतील, असे मनात आले.

ओव्हरसियर जीपमधून आला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. टेप, वही, डोक्यावर टोपी. मी सरांचे पत्र पुढे केले. त्याने ते वाचले, घडी केली आणि परत दिले.

"कोणत्या डिपार्टमेंटचे?"

"कॉलेजचा आहे, साहेब. या मातीतला कर्ब आणि नत्र पाहायचा आहे."

"कशाला? हिचा तर भराव होणार."

मी बिसाहूकडे पाहिले. "यांना नवी जमीन मिळाली आहे. ती अशी व्हायला किती वर्षं लागतील, ते यांना सांगायचं आहे."

तो म्हणाला, "मी बारा वर्षं माती मोजतो आहे. आत काय आहे हे विचारणारा तुम्हीच पहिले भेटलात." त्याने टेप लावायला सुरुवात केली. प्रत्येक मटामाचे सड ओढून पाहिले, आकडा घेतला. शेवटी वही मिटून रमौतीनला म्हणाला, "चिंचेजवळचे तीन बाबूचे. ट्रक भरेपर्यंत. बाकीचे पाडा."

गिरमिटाने माती काढणे म्हणजे अंधारात हात घालून चाचपडणे. इथे शेत उभे कापून समोर ठेवले होते. मी सुरीने वरून खाली एक कड साफ केली, आणि थर दिसले. वर वीतभर गडद, भुसभुशीत, मुळांनी विणलेला. त्याखाली नांगराच्या तळाने दाबलेली कडक पट्टी. मग पिवळसर, त्यात गंजासारखे ठिपके. रमौतीनने पिशवीचे तोंड उघडून धरले आणि मी एकेक थर खालून वर काढत गेलो, म्हणजे वरची माती खाली सांडणार नाही.

बिसाहूने गडद थरावर आपली वीत ठेवली. ती बरोबर बसली.

"एवढं आमचं," तो म्हणाला. मग हात खाली पिवळ्या मातीवर फिरवला. "हे देवाचं."

मी इतकी वर्षे शिकलो, पण मातीचा छेद इतक्या थोडक्यात कोणी समजावला नव्हता.

तिसऱ्या मटामाचा माथा, तिवऱ्याच्या झाडासकट, त्याने अलगद उचलला आणि आपल्या गमछ्यात बांधला. मग म्हणाला, "चला, ते अंगण दाखवा."

ठेकेदाराचा एक रिकामा ट्रक दुर्गकडे निघाला होता. त्यात आम्ही दोघे, सायकल आणि नऊ पिशव्या, अशी स्वारी बोरसीला आली. हळदीकुंकू संपत आले होते. अंगणात पंजाबीण आणि मद्राशीण एकमेकींच्या बांगड्या पाहत होत्या, आणि बोलण्याची गरज दोघींनाही पडत नव्हती. बाई दारात ताट घेऊन उभी. तिने माझ्या खांद्यावरच्या पिशव्या पाहिल्या आणि ताट खाली ठेवले.

"भेटली?"

"भेटली, बाई. हे बिसाहू. शेत यांचं होतं."

बिसाहूने फाटकाबाहेर चपला काढल्या. वाकून, सारवलेल्या जमिनीवर तळहात टेकला आणि तो कपाळाला लावला. आत मात्र येईना. बाईचे डोळे भरून आले होते.

"दादा, मले माहीत नव्हतं जी," ती म्हणाली. "चुकून लावली मी."

"मोर डोली आय," तो म्हणाला, माझे शेत आहे हे. "आज यात इतक्या लक्ष्म्या बसल्या. धानाच्या रोवणीलाही इतक्या नसायच्या."

"तं या ना मग आत. तुमचंच आहे." तिने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि तो अंगणाच्या बरोबर मध्यावर, रांगोळी वाचवत, मांडी घालून बसला. भाऊजी तेव्हाच ड्यूटीवरून आले. एका परक्या माणसाला बायांच्या हळदीकुंकवात बसलेला पाहून फाटकातच थबकले. म्हणाले, "म्हशीचा मालक का?"

नागपूर

सरांना मी सगळे खरे सांगितले. ते हसले नाहीत. नोंदवहीत त्यांनी लिहिले, "नमुने उभ्या मटामातून, थरवार," आणि मला म्हणाले, "गिरमिटापेक्षा हे चांगले झाले. पण पुढच्या वेळी आपली माती काय आहे, हे घरातल्या माणसांना आधी सांगत जा."

तपासणीला दोन महिने लागले. अमली डोलीच्या त्या वीतभर थरात आणि कुम्हारीच्या मातीत जो फरक निघाला, तो पाहून मी रासायनिक तराजू पुन्हा तपासला. फरक खरा होता. मग मी भाऊजींच्या पत्त्यावर बिसाहूला पत्र लिहिले. नक्की वर्षे सांगता येत नाहीत, हे आधी कबूल केले. भाट्यावर पाणी थांबत नाही, म्हणून उतेरा लगेच जमणार नाही. आधी बांध घाला, शेणखत घाला. ओल टिकू लागली की तिवरा टाका. नत्र तुमच्या डोळ्यांदेखत वाढेल. कर्ब मात्र सावकाश येतो. ती वीत पुरी भरलेली बहुधा तुमचे नातू पाहतील. हे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा तसेच ठेवले.

उत्तर आले ते दिवाळीनंतर, भाऊजींच्या अक्षरात. मी सुटीला पवनीला होतो. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती, तिला मी ते वाचून दाखवले.

"तुझं पत्र बिसाहूला वाचून दाखवलं. नातवाचं ऐकून तो म्हणाला, म्हणजे अशी माती होते तर. नव्या जमिनीवर त्याचं घर अजून व्हायचंच आहे, भिंती कमरेपर्यंत आल्या, दाराचा पत्ता नाही. पण घुरवा त्यानं पहिल्याच दिवशी खणला, अन्‌ मटामावरचं ते ढेकूळ त्याच्या तळाशी ठेवलं. सुरहुत्तीले त्यानं आमाले दोघांले बोलावलं होतं. एकच दिवा होता. कुठं ठेवला असंल, सांग पाहू."

मी पत्रातून मान वर केली. आईने सुपातून नजर उचलली नव्हती.

"उकिरड्यावर," ती म्हणाली. "आणखी कुठं?"